मुलग्यालाही मैतर हवा

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की चहा येतो आणि मग मनातलं बोलणं सुरू होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गेलं वर्षभर या चहाच्या वेळी एक वाक्य आम्ही सारखं ऐकतो आहोत : "आमचा पोरगा बोलतच नाय." सातपाटीच्या ताई हे सांगतात, मासवणच्या सांगतात, बोईसरला खैरापाड्याच्या चाळीतल्याही सांगतात. सातवीपर्यंत दप्तर खाली टाकायच्या आधी शाळेतली सगळी खबर देणारा मुलगा दहावीला आला की "हं" आणि "माहीत नाय" एवढ्यावर येतो.

आईशी बोलणं कमी होणं हे या वयात चालायचंच. मिसरूड फुटलं की प्रत्येक गोष्ट आईला सांगावीशी वाटत नाही, तशी अपेक्षाही धरू नये. आमचा प्रश्न वेगळा आहे. तो दुसऱ्या कुणाशी बोलतो का? बाप पिऊन आला, गणितात नापास व्हायची भीती वाटली, एखादी मुलगी आवडली आणि तिने नाही म्हटलं, तर ते ऐकणारा एक तरी मैतर त्याला आहे का? असं विचारलं की पुष्कळ आया म्हणतात, "त्याला काय मित्रांची कमी!" मित्र असतात खरे. क्रिकेटला अकरा जमतात, गणपतीत वर्गणी मागायला वीस जमतात. पण त्या वीसजणांत रडू आलं तर ज्याच्यापुढे रडता येईल असा कोण, हे विचारलं की आईही गप्प होते.

निओबी वे नावाच्या अमेरिकेतल्या एक प्राध्यापिका आहेत. त्यांनी अनेक वर्षं मुलग्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. पद्धत साधी होती. त्याच मुलांना दर वर्षी पुन्हा भेटायचं आणि मित्रांबद्दल विचारायचं. २०११ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यात दिसलं ते असं, की तेरा-चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे जिवलग मित्राबद्दल भरभरून बोलत, त्याच्याशिवाय आपलं कसं होईल असं म्हणत. सोळा-सतरा वर्षांचे झाले की त्यांच्यातलेच बरेचसे सांगत, आता तसा मित्र राहिला नाही. वरून "काही फरक पडत नाही" म्हणत, पण आतून त्यांना त्या मित्राची आठवण छळत असे. या मधल्या दोन-तीन वर्षांत होतं काय? तर मुलगा एक धडा शिकतो. मर्दाला कुणाची गरज नसते, मर्द रडत नाही, मन मोकळं करणं हे बायकांचं काम.

हा धडा अमेरिकेत शिकवतात तसा आपल्याकडेही शिकवतात, आणि तो शिकवणाऱ्यांत आपण बायाही असतो. "पोरीसारखा रडतोस काय?" हे वाक्य किती घरांत आजीच्या तोंडी असतं. दोन मुलगे फार जवळ दिसले की गावातली टवाळ पोरं "बायल्या" म्हणून चिडवतात आणि त्यांच्यासोबत मोठी माणसंही हसतात. एकदा असं हसं झालं की तो मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही.

तरी आपल्या भागात एक गोष्ट चांगली आहे. आपले मुलगे अजून एकमेकांच्या गळ्यात हात टाकून रस्त्याने चालतात. वारली पाड्यावर तारपा वाजायला लागला की एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचतात, त्याची कुणाला लाज वाटत नाही. जगात अशाही जागा आहेत जिथे दोन मोठे मुलगे हात धरून चालले तर लोक वळून बघतात. म्हणजे अंगाने आपले मुलगे जवळच आहेत. त्यांचं गाडं शब्दावर अडतं.

आणि शब्दही ते आपल्यासारखे काढत नाहीत. आपण दोघी समोरासमोर बसतो, एकीने डोळ्याला पदर लावला की दुसरी सरकून जवळ येते. मुलगे बाजूबाजूला बसून बोलतात. जाळं सांधताना, बाईक धुताना, गळ टाकून खाडीवर बसलेले असताना, चिंचणीच्या किनाऱ्यावर नुसते समुद्राकडे तोंड करून बसलेले असताना. तास तास काहीच बोलत नाहीत आणि मध्येच एखादं वाक्य टाकतात. ते एक वाक्य बाहेर यायला तो तासभराचा रिकामपणा लागतो. म्हणून "दोघं नुसते बसलेले असतात, काय उद्योग नाय त्यांना" असं म्हणायच्या आधी थोडं थांबायला हवं. सगळंच बसणं उंडगेपण नसतं.

आता हे सगळं इतकं महत्त्वाचं का? एनसीआरबी म्हणून सरकारी कचेरी आहे, ती देशभरातल्या गुन्ह्यांची आणि अपघाती मरणांची नोंद ठेवते. तिच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून जास्त माणसांनी आत्महत्या केली. त्यांतले दर दहांपैकी सात पुरुष होते. आत्महत्येचं सगळ्यात मोठं कारण नोंदलं होतं ते घरगुती अडचणी, त्याखाली आजारपण. घरातल्या अडचणी बायांना काय कमी असतात? त्याही आत्महत्या करतात, त्याचं दुःख आहेच, आणि त्यामागे एकच कारण नसतं हेही खरं. पण आम्हाला गटाच्या कामात दिसतं ते हे, की बाईला विहिरीवर, शेतावर, बैठकीत, माहेरच्या फोनवर कुठेतरी बोलायला जागा मिळते. पुरुषाला गुत्ता मिळतो. तिथे तो बोलतो, पण ते बोलणं सकाळी त्यालाही आठवत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

दुसरी बाजू आपल्या जास्त ओळखीची आहे. ज्या माणसाला एकही मैतर नाही, त्याचा सगळा भार शेवटी बायकोवर येतो. ठेकेदाराने पगार थकवला त्याचा राग, फोरमनने चारचौघांत झापलं त्याचा अपमान, सगळं घरी येऊन बाहेर पडतं. कधी अबोला, कधी शिव्या, कधी हात. म्हणून हा विषय फक्त मुलग्यांच्या आयांचा नाही. आज जो मुलगा पंधरा वर्षांचा आहे तो दहा वर्षांनी कुणाच्या तरी लेकीचा नवरा होणार आहे.

म्हातारपणापर्यंतचंही सांगतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली एक अभ्यास सुरू केला आणि तो अजून चालू आहे. ७२४ मुलगे आणि तरुण त्यांनी निवडले. काही विद्यापीठात शिकणारे, तर काही बॉस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतले. त्यांचं सगळं आयुष्य, कामधंदा, लग्न, आजारपण, हे सगळं वर्षानुवर्षं नोंदत गेले. पन्नाशीत ज्यांची आपल्या माणसांशी नाती समाधानाची होती, ते ऐंशीव्या वर्षी जास्त धडधाकट निघाले. आपल्या माणसांत बायको-मुलं आली तसे मित्रही आले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ, कारण इथे मुलग्यांची मैत्री तुटायची कारणं इथलीच आहेत.

जव्हार-मोखाड्याकडून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, कुणी वसईकडे, कुणी भिवंडीकडे. पावसाच्या तोंडावर परत येतात. सहा महिने मुलगा वर्गात नाही, मैदानात नाही. परत येतो तेव्हा त्याच्या जोडीदाराची दुसऱ्या कुणाशी जोडी जमलेली असते. आश्रमशाळेतल्या मुलांचं उलटं होतं. तिथे एका खोलीत झोपून, एका पंगतीत जेवून मैत्री भावांसारखी घट्ट होते. आणि दहावी झाली की एक मुलगा तलासरीचा, एक विक्रमगडचा, एक वाड्याचा, सगळे आपापल्या पाड्यावर. फोन नंबर असला तरी रेंज नसते. आश्रमशाळा सोडताना मुलाला ट्रंक, दाखला, गुणपत्रिका मिळते. मित्रांचे पाडे आणि घरच्यांचे नंबर एका कागदावर लिहून घे, हे त्याला कुणी सांगत नाही. ते आपण सांगू शकतो.

सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर या किनाऱ्यावरच्या गावांत मुलगा खलाशी म्हणून बोटीवर जायला लागला की शाळेतल्या मित्रांची वेळ आणि त्याची वेळ जुळत नाही. हा समुद्रात असतो तेव्हा ते घरी, हा किनाऱ्यावर झोपलेला असतो तेव्हा ते कामावर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने काय ते जुने मित्र पुन्हा एका ओट्यावर दिसतात. तेव्हा त्याच्या मागे घरकामाची यादी लावण्याआधी त्याला चार संध्याकाळी मोकळ्या सोडा, असं आमचं म्हणणं आहे. बोटीवर मात्र एक बरं असतं. तांडेल जाणता असला तर तो पोराला सांभाळतो, आणि रात्रीच्या पाण्यावर माणसं जे बोलतात ते जमिनीवर बोलत नाहीत.

तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, मग बोईसरला एमआयडीसी वाढली. त्यानंतर इथल्या मुलांच्या आयुष्यात पाळी नावाची गोष्ट आली. बाप तिसऱ्या पाळीला, म्हणून दिवसा घरात आवाज करायचा नाही, म्हणून मित्र घरी आणायचे नाहीत. पुढे बारावी किंवा आयटीआय करून मुलगा स्वतः कंपनीत हेल्पर म्हणून लागतो. एक मित्र पहिल्या पाळीला, दुसरा रात्रपाळीला, कुणाची ड्युटी बारा तासांची. पाच वर्षं एका बाकावर बसलेल्या चौघांची भेट आता स्टेशनच्या पुलावर, एक चढताना एक उतरताना. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे विरारपर्यंत रोज जाणाऱ्या मुलांचे डब्यातले ग्रुप झाले. हे चांगलंच आहे. डब्यातली मैत्री हलकी म्हणू नका, ती रोज दोन-तीन तासांची असते.

अणुवीज केंद्राच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जमीन किती, घर केवढं, झाडं किती, सगळ्याच्या नोंदी झाल्या. कुणाच्या पोराची कुणाशी जोडी होती, शेजार कुणाचा होता, हे असल्या नोंदीत येत नाही. आपल्या जिल्ह्यात असे प्रकल्प पुढेही येत राहणार, म्हणून गावाच्या बैठकीत मैदान आणि शेजार हे शब्दही कुणी तरी काढायला हवेत. बाया काढतील असं आम्हाला वाटतं.

आणि आता जरा अवघड गोष्ट. बोईसरच्या वस्त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेली कुटुंबं आहेत. त्यांची मुलं आपल्याच शाळेत, आपल्याच बाकावर बसतात. मुलांचं लगेच जमतं. हा त्याला मराठीत निबंध सांगतो, तो ह्याला गणित सांगतो. घरी कळलं की सुरू होतं, "त्या भय्याच्या पोरासोबत कशाला?" तिकडच्या घरातही आपल्याबद्दल असंच काहीतरी बोलत असतील. कोळीवाड्यात आदिवासी मुलगा घरी आला तर त्याला पाणी कोणत्या पेल्यात देतात, हेही आम्ही पाहिलं आहे. मुलगा ते बघतो. तो मित्राला पुन्हा घरी आणत नाही, आणि घरात मित्राचं नावही काढत नाही. मग आपण म्हणतो, बोलत नाही. गोपाळकाल्याला सगळ्यांच्या घरचं दही-पोहे एकत्र कालवतो, ती गोष्ट दरवर्षी मुलांना सांगतो. मित्राला आपल्या ताटातली भाकरी आणि सुकटीची चटणी दिलीत की त्या मुलाच्या घरची अर्धी गोष्ट तुम्हाला आपोआप कळते, कारण जेवताना मुलं बोलतात.

संगतीची भीती मात्र खोटी नाही. चिल्हार-बोईसर रस्त्यावर एका बाईकवर तिघं, हेल्मेट नाही, असं आपण रोज पाहतो. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अभ्यासकांनी मुलांना गाडी चालवायचा खेळ संगणकावर खेळायला दिला. काहींना एकट्याने, काहींना मित्रांच्या देखत. तेरा ते सोळाची मुलं मित्र बघत असले की जास्त धोका पत्करत. चोवीसच्या पुढच्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणजे मुलगा एकटा असताना शहाणा आणि चौघांत असताना वेडा वागतो, यात ढोंग नसतं, ते वयच तसं असतं. म्हणून बाईकची किल्ली हातात देताना मागे कोण बसणार हे विचारायचं, आणि तिघं बसणार असतील तर किल्ली द्यायची नाही. इथे कडक राहावं.

पण गुटखा खाणारा एक मित्र दिसला म्हणून सगळीच मित्रमंडळी बंद करणं याने काही साधत नाही. मुलगा चोरून भेटतो, आणि चोरून केलेल्या मैत्रीवर आपली नजर राहत नाही. चांगली-वाईट संगत ओळखायची आमची खूण अशी : त्या मित्राला भेटून आल्यावर मुलगा कसा असतो? मोकळा, भुकेला, बडबडा असतो की चिडलेला, पैसे मागणारा? मित्राला "नाही" म्हणता येतं का? "मी आज येत नाय" म्हटल्यावर जो मित्र उद्याही येतो तो ठेवावा. नाही म्हटलं की मारतो, फोटो पसरवायची धमकी देतो, उसने पैसे उकळतो, त्याच्यापासून मुलाला सोडवावं लागतं, आणि ते ओरडून होत नाही. मामा, काका, शाळेतले सर, कुणी तरी ज्याला मुलगा मानतो, त्याला मध्ये घ्यावं.

मोबाइलचं थोडक्यात. लांब गेलेल्या मित्राचा आवाज मोबाइल आणतो, त्याला नावं ठेवू नयेत. पण रात्री दोनपर्यंत अनोळखी माणसांसोबत खेळ खेळणं आणि त्यात पैसे घालणं ही मैत्री नव्हे.

मुलग्यांशी या विषयावर बोलायचं काम महाराष्ट्रात आधीपासून चाललेलं आहे. मुंबईत १९९३ साली काही पुरुषांनीच "मावा" नावाची संस्था काढली. मावा म्हणजे खायचा नव्हे, बायांवरच्या हिंसेविरुद्ध उभे राहिलेले पुरुष. हरीश सदानी हे त्यांतले एक. या संस्थेने २००६ साली पुण्यातून "युवा मैत्री" हा उपक्रम सुरू केला. कॉलेजातल्या मुलांची शिबिरं घ्यायची, शरीर, प्रेम, राग, मर्दपणा यावर न लाजता बोलायचं, आणि त्यांतल्याच मुलांनी पुढे दुसऱ्या मुलांशी बोलायचं. मुंबईच्या वस्त्यांत "कोरो" संस्थेच्या सोबतीने "यारी-दोस्ती" नावाचं असंच काम झालं. नाव काय ठेवलं बघा. मारू नका, छेडू नका असे फलक न लावता त्यांनी मैत्रीपासून सुरुवात केली. मित्रांत ज्याला इज्जत मिळते तेच मुलगा करतो. पोरीची छेड काढल्यावर मित्र हसले तर तो पुन्हा काढील, एक मित्र "ए, सोड" म्हणाला तर थांबेल. आईच्या शंभर शब्दांपेक्षा तो एक "ए, सोड" भारी पडतो, वाईट वाटून घेऊ नका.

आपल्या गटाला यात काय करता येईल? आमच्या समोर आलेल्या गोष्टी सांगतो. एका पाड्यावर बायांनी ग्रामपंचायतीकडे मागणी केली की शाळेच्या ओट्यावरचा दिवा रात्री दहापर्यंत चालू ठेवा. कारण अंधार झाला की मुलं नाक्यावर जात, आणि नाक्यावर दारू होती. एका गटाने व्हॉलीबॉलची जाळी आणून दिली. फार खर्च आला नाही. दुसऱ्या एका गटाने मुलग्यांची "बैठक" घ्यायचा प्रयत्न केला, सतरंजी घातली, विषय ठरवला, आणि एकही मुलगा बोलला नाही. पुढच्या वेळी त्यांना मंडप बांधायला बोलावलं, आणि बांबू बांधता बांधता दोन तास गप्पा झाल्या. वर म्हटलं ना, बाजूबाजूला.

सरकारी सोयही आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. त्यात गावातलीच किशोरवयीन मुलं-मुली निवडून त्यांना बाकीच्या मुलांशी आरोग्याबद्दल, मनाबद्दल बोलायला शिकवतात. आपल्या गावात अशी मुलं कोण आहेत, ते आशाताईंना विचारा. मुलींची नावं पटकन येतात, मुलग्यांची विचारून घ्या. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी "मैत्री क्लिनिक" असतात, ती मुलग्यांसाठीही आहेत. आवाज फुटणं, अंगातले बदल, स्वप्नं, या शंका मुलगा तिथे विचारू शकतो. नाही तर त्या शंकांची उत्तरं मोबाइलवरच्या घाणेरड्या व्हिडिओतून मिळतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आईने मुलाला स्पष्ट सांगावी, आजच सांगावी. मित्राचं गुपित फोडायचं नसतं, हे त्याला माहीत आहे आणि ते बरोबरच आहे. पण मित्र "मला जगायचं नाय" म्हणाला, हातावर ब्लेड मारलेलं दिसलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, किंवा कुणी मोठा माणूस आपल्याला नको तिथे हात लावतो असं त्याने सांगितलं, तर ते गुपित ठेवायचं नाही. त्या रात्री मित्राला एकटं सोडायचं नाही आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मित्र रागावला तर रागावू दे. मुलाने असं काही येऊन सांगितलं तर त्याला "तू कशाला पडतोस यात" म्हणू नका, उठा आणि त्याच्यासोबत त्या घरी जा.

दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मुलाच्या फोनमध्येही टाकून द्या. टेली-मानस १४४१६. मनाच्या त्रासासाठी ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. हाही फुकट. पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी मुलग्यांच्या आयांनी एवढं सांगावं : आपल्या मुलाच्या सगळ्यात जवळच्या मित्राचं नाव काय, आणि तो शेवटचा आपल्या घरी कधी जेवला.